वाझोबियाचा तक्ता आणि फिरते कापड

नायजेरियात ‘वाझोबिया’ असा एक गमतीदार शब्द आहे. ‘वा’ योरुबा भाषेतला, ‘झो’ हौसा भाषेतला आणि ‘बिया’ इग्बो भाषेतला. तिन्हींचा अर्थ एकच, ‘ये’. देशातल्या तीन मोठ्या समाजांनी एकमेकांना जवळ बोलवावे या सदिच्छेतून हा शब्द रूढ झाला. याच सदिच्छेतून एक चित्रही रूढ झाले आहे. तीन जोड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. योरुबा पुरुषाच्या अंगात घेरदार ‘आग्बादा’. स्त्रीच्या कमरेला गुंडाळलेले ‘इरो’, वर ‘बुबा’ आणि डोक्यावर मोठ्या डौलाने बांधलेले ‘गेले’. (मराठी वाचकाला या शब्दाची मौज वाटेल, पण डोक्यावर ते नीट बसवणे हे हातखंड्याचेच काम आहे.) हौसा पुरुषाच्या अंगात ‘बब्बन रिगा’ आणि डोक्यावर भरतकामाची टोपी. इग्बो पुरुषाच्या अंगात सिंहमुखांची नक्षी असलेला ‘इसिआगू’ आणि डोक्यावर लाल टोपी. शालेय पुस्तकात, पर्यटनाच्या पत्रकात, दूतावासाच्या समारंभात हाच तक्ता दिसतो. अडीचशेहून अधिक भाषिक समाजांचा देश तीन पोशाखांत बसवलेला असतो.

तक्ता खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. हे पोशाख आहेत आणि लोक ते अभिमानाने घालतात. माझा आक्षेप वेगळा आहे. तक्त्यात कापड जागच्या जागी थांबते. एक समाज, एक पोशाख, आणि खाली शब्द ‘पारंपरिक’. ज्या कापडाने वाळवंट आणि समुद्र ओलांडले, जे कर्जावर घेतले गेले, ज्यावर बंदी आली, ज्याच्या रंगाने बायकांचे हात निळे झाले, ते तक्त्यावर येताच निमूट होते. नायजेरियाच्या कापडांवर गेल्या पन्नासेक वर्षांत जे चांगले लेखन झाले, त्याचे मोठेपण मला यात वाटते की त्याने हा तक्ता मोडला. वाईट लेखन अजूनही त्याच्याच रंगीत आवृत्त्या काढते आहे.

मुळात ही नावेच वाटतात तितकी जुनी नाहीत. ‘योरुबा’ हे नाव आधी उत्तरेकडचे हौसा लोक ओयोच्या राज्यासाठी वापरत. ओयो, एग्बा, इजेबू, एकिती अशा सगळ्यांसाठी मिळून ते एकोणिसाव्या शतकात रुळले, आणि त्यात मिशनऱ्यांच्या छापखान्याचा वाटा मोठा होता. इग्बोंचीही तीच गोष्ट. माणूस आधी आपल्या गावाचा असे. कापड मात्र त्याच्या आधीपासून हिंडत होते. जर्मनीतल्या उल्म शहरात वाइकमान नावाच्या व्यापाऱ्याचा संग्रह आहे. त्याची यादी १६५९ सालची. त्यात आजच्या बेनिन देशातल्या अल्लाडा राज्यातून आलेले अंगरखे आहेत. अरुंद पट्ट्या विणून त्या कडेला कड लावून शिवायच्या आणि त्याचा ऐसपैस झगा करायचा, ही तऱ्हा तेव्हाच पक्की झालेली होती. हा झगा कोणत्या ‘जमातीचा’, हा प्रश्न त्या काळी कुणाला सुचलाही नसता.

जॉन पिक्टन आणि जॉन मॅक यांचे ‘आफ्रिकन टेक्स्टाइल्स’ हे १९७९ सालचे पुस्तक म्हणूनच मला अजून पहिले वाटते. त्यांनी जमातींची प्रकरणे केली नाहीत, मागांची केली. माग कोणता, त्यावर कोण बसते, सूत कशाचे, रंग कसा चढतो या वाटेने ते गेले. त्यामुळे एक गोष्ट आपोआप उघडी पडली. पश्चिम आफ्रिकेत कापडाची खरी विभागणी समाजासमाजांत नाही, बाई आणि बुवा यांच्यात आहे. योरुबा प्रदेशात अरुंद पट्टीचा आडवा माग पुरुषांचा. त्याची पट्टी जेमतेम चार इंच रुंद. भिंतीला टेकवलेला उभा, रुंद माग बायकांचा. रंगकाम योरुबांत बायकांचे, तर हौसांच्या कानो शहरात पुरुषांचे. तिथे भरतकामही पुरुषच करतात. एका गावात जे बायकी काम मानले जाते ते चार दिवसांच्या वाटेवर मर्दानी ठरते. ‘परंपरा’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी एवढे तरी लक्षात घ्यायला हवे.

कानोपासून सुरुवात करू. कोफर माता या वेशीपाशी निळीचे खड्डे आहेत. तिथे १४९८ हे स्थापनेचे साल सांगितले जाते. जमिनीत खोल खणलेल्या गोल खड्ड्यांत नीळ, राख आणि पापडखारासारखा क्षार घालून ते मिश्रण आंबवायचे आणि त्यात कापड पुन्हा पुन्हा बुडवून वर काढायचे. हवा लागली की हिरवट रंग निळा होतो. पण कानोची खरी कमाल पुढेच आहे. कुरा आणि आसपासच्या गावांत बोटभर रुंदीच्या पट्ट्या विणत, त्या डझनावारी जोडत, निळीत काळ्याभोर होईपर्यंत रंगवत आणि मग लाकडी मोगऱ्यांनी निळीची पूड घालून ठोकत. आपल्याकडे परीट कुंदी करत, तीच ही कुंदी, फक्त कितीतरी जड. कापडाला तांबूस धातूसारखी चकाकी येई. हे कापड मुख्यतः हौसांसाठी नव्हतेच. ते सहारातल्या तुआरेग लोकांच्या मुंडाशासाठी होते. त्याचा रंग त्यांच्या चेहऱ्यावर उतरे आणि ते त्यांना भूषण वाटे. हाइन्रिश बार्थ हा जर्मन प्रवासी १८५१ साली कानोत होता. कानोचे कापड उत्तरेला मुर्झुक, घात आणि ट्रिपोलीपर्यंत जाते, एकट्या टिंबक्टूला वर्षाला ३०० उंटांचा माल रवाना होतो, असा त्याचा अंदाज. त्याने हिशेब मांडला तो कवड्यांत. त्या कवड्या बहुतांशी मालदीवच्या. हिंदी महासागर ओलांडून, युरोपला वळसा घालून आलेल्या.

आता तक्त्यातली बब्बन रिगा पाहा. ती ‘हौसा’ म्हणून उभी असते. कॉलिन क्रिगर या अभ्यासिकेने सोकोटोच्या खिलाफतीतल्या अंगरख्यांवर काम केले आहे. १८०४ च्या धर्मयुद्धातून उभे राहिलेले हे राज्य फुलानी नेतृत्वाचे. त्यात हौसा होते, नुपे होते, दक्षिणेला इलोरिनचे योरुबाही होते. अंगरखा ही तिथली राजमान्यतेची खूण. अमीर तो बहाल करत, मांडलिक तो खंडणी म्हणून पाठवत. सूत एका ठिकाणचे, पट्टी दुसऱ्या ठिकाणची, शिवण आणि भरतकाम तिसऱ्या ठिकाणचे. उत्तम अंगरख्यांपैकी पुष्कळ नुपे कारागिरांच्या हातचे. छातीवर सुरीच्या पात्यासारखी लांब टोके भरतात, त्या नक्षीला हौसात ‘अस्का तक्वास’ म्हणजे ‘आठ सुऱ्या’ म्हणतात. हे भरतकाम कुराण शिकलेल्या माणसांच्या हातून होई. म्हणजे हा पोशाख एका जमातीचा नसून एका राज्ययंत्रणेचा आहे. दक्षिणेकडच्या योरुबा सरदारांनी अंगावर घेतलेला आग्बादा त्याच घराण्यातला. तक्त्यात जे दोन वेगळे पुरुष उभे आहेत ते कपड्यांनी एकमेकांचे भाऊबंद निघतात.

योरुबांचे मानाचे कापड ‘अशो ओके’. इशेयिन आणि इलोरिन ही त्याची मोठी केंद्रे. जुन्या काळी त्यात तीन प्रकार श्रेष्ठ मानत. ‘सान्यान’ हे रानरेशमाचे. आपल्या टसरची आठवण व्हावी अशा बदामी रंगाचे, पण किडा वेगळ्या जातीचा. ‘एतू’ हे गर्द निळे, त्यात फिकट रेघांची बारीक चौकट. गिनी कोंबडीच्या ठिपकेदार पिसांवरून ते नाव. आणि तिसरे ‘आलारी’, किरमिजी. हा किरमिजी रंग कुठून आला? भूमध्य समुद्राकाठच्या रेशीम उद्योगातले टाकाऊ रेशीम रंगवून ट्रिपोलीहून उंटांवर लादले जाई आणि सहारा ओलांडून कानोमार्गे दक्षिणेत उतरे. म्हणजे युरोपने टाकून दिलेला धागा योरुबांच्या तीन श्रेष्ठ कापडांपैकी एकाचा प्राण झाला. पुढे याच मागावर रेयॉन आले, चकाकणारा लुरेक्स आला. शुद्धतावादी लेखक लुरेक्सला नाके मुरडतात. पिक्टनने १९९५ साली लंडनमधल्या प्रदर्शनाला नाव देतानाच त्यात ‘लुरेक्स’ हा शब्द घातला, आणि ते मला फार नेमके वाटते. ज्यांनी टाकाऊ रेशमाला मान दिला, ते चकचकीत धाग्याला का देणार नाहीत?

‘आदिरे’ या निळ्या नक्षीच्या कापडावर मात्र थोडे थांबायला हवे, कारण परंपरेच्या नावाखाली सर्वांत जास्त गोडगोड लेखन याच्यावर झाले आहे. आदिरे म्हणजे बांधून रंगवणे. बांधणीचे ‘ओनिको’, शिवून रंग अडवायचे ‘आलाबेरे’, आणि खळीने चित्र काढून रंग अडवायचे ‘एलेको’. ज्या कंदाचा साबुदाणा आपण उपासाला खातो त्याच कसाव्याची ही खळ. बायका कोंबडीच्या पिसाने ती कापडावर रेखतात. आज ज्याला आपण आदिरे म्हणून ओळखतो ते विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत फुलले, आणि त्याचा पाया होता मँचेस्टरहून येणारे गिरणीचे पांढरे कापड. हातमागाच्या जाड कापडावर पिसाची बारीक रेघ उठत नाही. गिरणीच्या तलम कापडावर उठते. ‘इबादान्दून’ म्हणजे ‘इबादान गोड आहे’, ही प्रसिद्ध नक्षी. तिच्यातले खांब इबादानमधल्या मापो हॉलचे आहेत, आणि ती इमारत इंग्रजांच्या काळात १९२९ साली पुरी झालेली. दुसरी नक्षी ‘ओलोबा’, म्हणजे ‘राजा असलेली’. तिच्यात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी आहेत, १९३५ च्या रौप्यमहोत्सवाच्या छापील मालावरून घेतलेले. पत्र्याच्या छापांनी खळ लावायचे काम पुरुषांनी सुरू केले. सुरुवातीचे छापे चहाच्या पेट्यांच्या आतल्या पत्र्यातून कापलेले. चहाची पेटी, विलायती राजाराणी, मँचेस्टरचे कापड, कसाव्याची खळ आणि ‘एलू’ या स्थानिक झाडाची नीळ हे सगळे मिळून झालेली गोष्ट आम्ही ‘प्राचीन’ म्हणून विकतो.

ज्युडिथ बायफील्ड यांचे ‘द ब्लूएस्ट हँड्स’ (२००२) हे पुस्तक या बाबतीत डोळे उघडणारे आहे. अबेओकुटा शहरातल्या रंगारी बायकांचा १८९० ते १९४० पर्यंतचा आर्थिक इतिहास त्यात आहे. नक्षीचे अर्थ सांगत बसण्याऐवजी बायफील्ड विचारतात, कापड उधार कुणी दिले, भाव कुणी ठरवला, मंदीत कोण बुडाले. युरोपीय पेढ्यांकडून बायका कापड उधारीवर उचलत, रंगवून विकत आणि मग देणे फेडत. मालाचा खप गोल्ड कोस्ट आणि सेनेगालपर्यंत होता. मंदी आली तशी खर्च कमी करण्यासाठी बायका कॉस्टिक सोडा आणि कृत्रिम नीळ वापरू लागल्या. १९३० च्या दशकात शहराच्या राजाने, म्हणजे अलाके यांनी, त्यावर बंदी घातली. कारण सांगितले दर्जाचे: जुनी रीत मोडली म्हणून माल बिघडला आणि गिऱ्हाईक गेले. बायकांनी विरोध केला. इथे ‘परंपरा’ कुणाच्या बाजूने उभी आहे ते पाहण्यासारखे आहे. जुनी रीत राखा म्हणणारा राजा होता. ती मोडू द्या म्हणणाऱ्या तीच कला पोटासाठी करणाऱ्या बायका होत्या.

याच अबेओकुटात पुढे फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांनी बायकांची संघटना उभी केली. इंग्लंडमध्ये शिकलेल्या या बाईंनी विलायती पोशाख सोडला, इरो आणि बुबा घातले आणि सभेत योरुबातून बोलायला सुरुवात केली. बाजारातल्या बाईला शिकलेली बाई परकी वाटू नये हा त्यातला सरळ हिशेब. बायकांवरच्या कराविरुद्धचे त्यांचे आंदोलन इतके पेटले की जानेवारी १९४९ मध्ये तेच अलाके गादी सोडून गेले. तक्त्यात जी बाई इरो-बुबा घालून हसत उभी असते, तिच्या पोशाखाला हाही इतिहास आहे. योरुबा वस्त्रांवरच्या देखण्या पुस्तकांत तो सहसा सापडत नाही.

इग्बोंच्या वाट्याला तक्त्यात सर्वांत कमी न्याय आला आहे. इसिआगूचे कापड यंत्रावरचे. ‘आगू’ म्हणजे इग्बो भाषेत मुळात बिबट्या. नक्षीत मात्र आयाळवाला सिंह. आग्नेय नायजेरियाच्या दाट रानातला मानाचा प्राणी बिबट्याच. सिंह कापडावर स्थिरावला आणि कुणाला त्यात वावगे वाटले नाही. मलाही वाटत नाही. पण मग याच एका सदऱ्याला समाजाचे सारे वस्त्रवैभव का समजायचे? इग्बो-उक्वू इथे थर्स्टन शॉ यांनी १९५९-६० साली उत्खनन केले. नवव्या शतकातल्या काशाच्या वस्तूंना चिकटून राहिल्यामुळे टिकलेले कापडाचे तुकडे तिथे मिळाले. ते कापसाचे नाहीत, झाडाच्या अंतर्सालीच्या धाग्याचे आहेत. म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी तिथे विणकाम होते. आज अक्वेते या गावच्या बायका उभ्या मागावर रुंद, नक्षीदार कापड विणतात. दादा न्वाक्वाता नावाच्या विणकरणीला तिथे या कलेची जननी मानतात. आख्यायिकेच्या आधाराने का होईना, एका विणकरणीचे नाव टिकले. एरवी संग्रहालयांच्या पाट्यांवर कापड असते, गाव असते, आणून देणाऱ्या साहेबाचे नावही असते. विणणारी मात्र नसते. अक्वेतेचे मोठे गिऱ्हाईक खाडीकडचे इजो व्यापारी होते, आणि ‘इकाकी’ ही कासवाची नक्षी त्यांच्याच आवडीची. एके काळी ती राजघराण्यापुरती राखीव होती. एझिल्लो गावचे निळे ‘उकारा’ कापड तर ‘एक्पे’ या गुप्त मंडळासाठीच होते. त्यावर ‘न्सिबिदी’ ही चिन्हलिपी असते आणि तिचे वाचन मंडळात शिरल्यावरच कळते. हे मंडळ एफिक, एजाघाम आणि इग्बो अशा अनेकांचे. विणायचे एकाने, नेसायचे दुसऱ्याने, अर्थ सांभाळायचा तिसऱ्याने. हे ‘इग्बो वस्त्र’ या एका खान्यात कसे कोंबणार?

आता आपल्याकडच्या धाग्याकडे येतो. आग्नेय नायजेरियात लग्नाकार्यात ‘जॉर्ज’ नावाचे कापड लागतेच. हे नाव मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जवरून आलेले. शेजारचे कालाबारी लोक मद्रासच्या चौकड्यांच्या सुती कापडाला ‘इंजिरी’ म्हणतात. आंध्रातल्या चिराला भागात विणले जाणारे हे कापड ‘रिअल मद्रास हँडकर्चिफ’ या नावाने दीड-दोन शतके तिकडे जात होते. नाव रुमालाचे, पण वापर नेसण्याचा. कालाबारी बायका ते तसेच नेसत नाहीत. चौकड्यांतले ठरावीक धागे पात्याने कापून ओढून काढतात, तेव्हा कापडात जाळीदार नवी नक्षी उमटते. याला ‘पेलेते बिते’ म्हणतात. भारतीय विणकराने घातलेला धागा काढून टाकणे हीच इथली कला.

जोआन आयकर आणि टोन्ये एरेकोसिमा यांनी या कापडावर लिहिताना एक संज्ञा घडवली. परक्या वस्तूला निवडणे, नाव देणे, सामावून घेणे आणि बदलणे अशा पायऱ्यांनी ती ‘अस्सल आपली’ होते, असा त्याचा मथितार्थ. निरीक्षण उत्तम आहे. मला खटकतो तो त्यातला ‘अस्सल’. प्रत्येक कापडाला अस्सलपणाचा दाखला मिळायलाच हवा, ही गरज अभ्यासकाची आहे, कालाबारी बाईची नाही. आणि दुसरे म्हणजे या पायऱ्यांत व्यापाराची दुसरी बाजू येत नाही. आपल्याकडचे लेखकही हे कापड पाहून लगेच भारताची छाती फुगवतात. सतराव्या-अठराव्या शतकांत गुजरातचे आणि कोरोमंडल किनाऱ्याचे सुती कापड युरोपीय जहाजांतून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरे, आणि त्याच्या बदल्यात जो ‘माल’ चढवला जाई त्यात माणसे होती. सुरतेच्या वखारीतले गठ्ठे त्या हिशेबातून वगळता येत नाहीत. बॉनी आणि कालाबारचे किनारे गुलामांच्या व्यापाराची मोठी बंदरे होती. चौकड्यांच्या कापडाच्या आवडीची वाट याच किनाऱ्यांवरून गेलेली आहे.

समारंभातल्या आजच्या कापडाबद्दल थोडक्यात. ‘अशो एबी’ म्हणजे कुटुंबाचे कापड. लग्नाला, मयताला सगळ्या आप्तेष्टांनी एकाच कापडाचे कपडे शिवायचे. चाल योरुबांची, पण आज इग्बो लग्नातही ती सर्रास दिसते. ओकेचुक्वू न्वाफोर यांनी २०२१ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. छायाचित्रे आणि झगमगीत नियतकालिके यांनी या चालीला कसे फुगवले आणि जो कापड घेऊ शकत नाही तो कसा बाजूला पडतो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता दाखवले. या समारंभांतली महागडी लेस १९६० च्या दशकापासून ऑस्ट्रियाच्या फोरआर्लबर्ग प्रांतातून येत आली. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या संग्रहालयाने तिचे प्रदर्शनच भरवले आणि पुढे ते लागोसलाही गेले. आल्प्सच्या पायथ्याशी बसून योरुबा मावश्यांच्या पसंतीची नक्षी काढणारे कारखाने. तक्त्याच्या भक्तांनी याचाही विचार करावा.

आणि आदिरेचे पुढे काय झाले? निके ओकुंदाये यांच्यासारख्या कलावंतांनी ते जगापुढे नेले, शेकडो जणांना शिकवले. पण आज बाजारात आदिरेची छापील नक्कल यंत्रावरून, परदेशातून येते आणि हाताने पिस फिरवणाऱ्या बाईच्या मालापेक्षा कितीतरी स्वस्त विकली जाते. ‘कापड फिरतेच, मग तक्रार कसली?’ असा प्रश्न माझ्या मांडणीवर कुणी उलटवू शकेल. उत्तर सोपे आहे. मँचेस्टरचे कापड आले तेव्हा त्यावर काम करून अबेओकुटाची बाई कमावत होती. छापील नक्कल येते तेव्हा तिच्यासाठी करायला काही उरलेले नसते. फिरणे दोन्हीकडे आहे. मधला हात एकीकडे आहे, दुसरीकडे नाही.

हा हात गिरणीतलाही असू शकतो, हे कापडाचे बहुतेक अभ्यासक विसरतात. एलिशा रेन यांनी आधी बुनू योरुबांच्या हातमागावर पुस्तक लिहिले, आणि पुढे त्या कादुना शहरातल्या गिरण्यांकडे वळल्या. १९५७ साली सुरू झालेली कादुना टेक्स्टाइल्स ही गिरणी डिसेंबर २००२ मध्ये बंद पडली. कामगारांची देणी थकली. रेन यांचे २०२० मधले पुस्तक त्या कामगारांच्या मृत्यूंवर आणि मागे राहिलेल्या विधवांवर आहे. घरी पैसा नाही, दवाखाना परवडत नाही, मुलांची शाळा सुटली, अशा एकेका घराची नोंद. गिरणगावच्या वाचकाला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. नायजेरियाच्या कापडावरचे एखादे पुस्तक मराठीत आणायचे म्हणून मला कुणी विचारले, तर निळ्या नक्षीचे गुळगुळीत पुस्तक बाजूला ठेवून मी आधी हे सुचवीन. त्यात रंगीत पोशाखांच्या जोड्या नाहीत.